नादार नगर आणि कायद्याचे साहाय्य : अमेरिकेतील एका तरतुदीचा इतिहास

१. शब्द आणि प्रश्न

ऋण फेडण्यास असमर्थ झालेल्या मनुष्याविषयी प्रत्येक व्यापारी समाजाने काही शब्द व काही नियम घडविलेले असतात. मराठीत ह्यासाठी दोन शब्द विशेष रूढ आहेत. ‘दिवाळे’ हा पहिला. देणे भागविणे अशक्य झाले की व्यापाऱ्याने भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवावा आणि त्यावरून लोकांनी काय ते समजावे, अशी ह्या शब्दाची उपपत्ती परंपरेने सांगितली जाते. ‘नादारी’ हा दुसरा. तो फारसीतून आला असून ‘जवळ काही नसणे’ एवढाच त्याचा मूळ अर्थ होय. पहिला शब्द कृती सांगतो, दुसरा स्थिती. इंग्रजीतील ‘बँकरप्ट’ हा शब्दही ‘मोडलेला बाक’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांशी जोडला जातो. सराफाचा बाक मोडला म्हणजे त्याचा व्यवहार संपला. दिवा असो की बाक असो, दोहोंच्या मुळाशी असलेली कल्पना एकच आहे : दुकान बंद झाले, आता उरलेला माल विकावा, धनकोंनी आपापला वाटा उचलावा आणि प्रकरण मिटवावे.

ही कल्पना नगराला लावू गेल्यास ती तत्काळ अपुरी पडते, कारण नगराला दुकान बंद करता येत नाही. पाण्याचे नळ, गटारे, रस्ते, अग्निशामक दल ही काही लिलावात काढण्याजोगी मालमत्ता नव्हे. आणि ती विकली तरी रहिवाशांच्या गरजा विकल्या जात नाहीत. उलट, धनकोंचा हक्कही खोटा नसतो. नगराने कर्जरोखे विकून पैसा घेतलेला असतो व तो परत करण्याचे वचन दिलेले असते. अशा वेळी कायद्याने नगराला कोणते साहाय्य करावे, आणि ते करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ह्या प्रश्नाचा ऊहापोह दीडशे वर्षांहून अधिक काळ झालेला आहे. त्यातील मुख्य टप्प्यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

ह्या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते, असे आम्हांस वाटते. कायद्याने नगराला दिलेले साहाय्य म्हणजे पैसा नव्हे, आणि ऋणमाफीही नव्हे. बहुसंख्य धनकोंनी मान्य केलेली तडजोड हट्टी अल्पसंख्य धनकोंवर बंधनकारक करण्याची शक्ती, एवढेच ते साहाय्य आहे. परंतु ही शक्ती नगराच्या वतीने कोणी वापरावयाची, ह्याचा निर्णय नगराकडे ठेवलेला नाही. आणि म्हणून त्या साहाय्याचे मूल्य अनेकदा स्थानिक स्वराज्याला मोजावे लागले आहे.

२. महादेशाचे युग

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील शेकडो नगरांनी आपल्या गावी लोहमार्ग यावा ह्या ईर्ष्येने कर्जरोखे काढून रेल्वे कंपन्यांना साहाय्य केले. पुष्कळ ठिकाणी रेल्वे आलीच नाही. ऋण मात्र राहिले. आयोवा राज्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे रोखे आधी वैध ठरविले व पुढे आपलाच निर्णय फिरवून ते अवैध ठरविले. तेव्हा डब्यूक नगराच्या रोख्यांचा प्रश्न संघीय सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १८६४ मध्ये त्या न्यायालयाने असा निर्णय दिला की, रोखे विकले गेले त्या वेळी ते वैध मानले जात होते. मागाहून राज्याच्या न्यायालयाने मत बदलल्यामुळे धनकोंचा हक्क बुडू शकत नाही.

हक्क सिद्ध झाला. परंतु वसुली कशी व्हावी? न्यायालयांनी योजलेले साधन म्हणजे ‘मँडॅमस’, अर्थात महादेश. नगराच्या अधिकाऱ्यांनी कर बसवावा व त्यातून ऋण फेडावे, अशी आज्ञा न्यायालय देत असे. ह्या साधनाची मर्यादा विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन नगराने उघड केली. तेथील अधिकारी महादेशाची बजावणी होण्यापूर्वीच राजीनामे देऊन मोकळे होत. आज्ञा घेण्यास अधिकारीच नसल्यामुळे ती कोणावर बजवावी हेच कळेना. धनकोने अखेर न्यायालयानेच आपल्या अधिकाऱ्याकरवी कर वसूल करावा, अशी मागणी केली. १८७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. कर बसविणे हे विधिमंडळाचे कार्य आहे. न्यायालय ते आपल्या हाती घेऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

टेनेसी राज्याने ह्यापुढचे पाऊल टाकले. मेम्फिस नगर ऋणाने वाकले असतानाच १८७८ मध्ये तेथे पीतज्वराची भयंकर साथ येऊन सुमारे पाच हजार लोक मृत्युमुखी पडले. १८७९ च्या आरंभी राज्याच्या विधिमंडळाने मेम्फिसची सनदच रद्द केली. नगर म्हणून त्याचे अस्तित्व संपले आणि त्या जागी राज्याच्या नियंत्रणाखालील एक ‘करविभाग’ उरला. धनकोंनी दाद मागितली तेव्हा, सार्वजनिक उपयोगाची मालमत्ता ऋणापोटी जप्त होऊ शकत नाही व कर बसविण्याचा राज्याचा अधिकार न्यायालय वापरू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्ये सांगितले. अलाबामा राज्याने मोबील नगराच्या बाबतीत १८७९ मध्येच हा मार्ग अनुसरला होता. परंतु तेथे १८८६ मध्ये न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. त्याच भूमीवर, त्याच लोकांसाठी, त्याच प्रयोजनाने स्थापन झालेली नवी संस्था जुन्या नगराची वारस ठरते आणि वारसाने ऋण फेडले पाहिजे, असे ते म्हणाले. नाव बदलल्याने ऋणको बदलत नाही, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले.

१८७९ हे वर्ष मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८७५ च्या दंग्यांनंतर दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेला ऋणविषयक कायदा त्याच वर्षीचा. त्या कायद्याने शेतकऱ्याला ऋणापायी होणाऱ्या कैदेपासून सोडविले आणि रोख्यामागील व्यवहाराची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयास दिला. दोन्ही घटनांत कार्यकारणसंबंध काहीच नाही. तथापि, भूमीला बांधलेल्या ऋणकोची, म्हणजे जो आपला गाशा गुंडाळून अन्यत्र जाऊ शकत नाही त्याची, समस्या दोन्ही ठिकाणी तीच होती. शेतकऱ्यासाठी कायदा झाला. नगरासाठी त्या काळी झाला नाही.

तो न होण्याचे कारण राज्यघटनेत होते. कराराने निर्माण झालेले दायित्व क्षीण करणारा कायदा राज्यांनी करू नये, असे अमेरिकेच्या घटनेचे स्पष्ट वचन आहे. आणि आधीच्या करारांतील ऋणातून ऋणकोला मुक्त करणारा राज्याचा कायदा ह्या वचनाचा भंग करतो, हे १८१९ मध्येच ठरून गेले होते. दिवाळखोरीविषयी कायदे करण्याचा अधिकार संघीय विधिमंडळाला, म्हणजे काँग्रेसला, आहे. परंतु नगर हे राज्याचे अंग; त्याच्या कारभारात संघाने हात घातल्यास राज्याचे सार्वभौमत्व दुखावते. अशा रीतीने राज्याला अधिकार होता तेथे शक्ती नव्हती, आणि संघाला शक्ती होती तेथे अधिकार संशयास्पद होता. नादार नगर ह्या दोहोंमधील फटीत सापडले होते.

३. चार वर्षांतील तीन निर्णय

१९२९ नंतरच्या महामंदीने ही फट असह्य केली. कर भरणारेच कंगाल झाल्यामुळे नगरांचे उत्पन्न आटले. १९३४ च्या आरंभी देय रक्कम चुकविण्यास असमर्थ ठरलेल्या नगरांची, परगण्यांची व तत्सम संस्थांची संख्या दोन हजारांच्या घरात होती. फ्लॉरिडातील जमिनींच्या सट्ट्याचा फुगा १९२६ मध्येच फुटला असल्याने तेथील नगरे आधीच बुडालेली होती. वेस्ट पाम बीच नगराचे वकील म्हणून ह्या संकटाचा अनुभव घेतलेले जे. मार्क विल्कॉक्स काँग्रेसमध्ये निवडून आले व त्यांनी ह्यावरील विधेयकासाठी विशेष खटपट केली, हे त्या दृष्टीने स्वाभाविकच होते.

अडचण नेमकी कोठे होती, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. बहुतेक धनकोंना वस्तुस्थिती कळत होती. पूर्ण रकमेची आशा सोडून अंशतः परतफेड घेण्यास ते सिद्ध होते. परंतु थोडेसे धनको बाजूस राहत आणि इतरांनी सूट दिल्यावर स्वतः मात्र पूर्ण रकमेसाठी महादेश मागत. एकाने असे केले की दुसऱ्याला सूट देण्याचे कारण उरत नसे, आणि तडजोड मोडून पडे. १९३४ च्या मे महिन्यात संमत झालेल्या कायद्याने ह्याच जागी बोट ठेवले. ठरावीक बहुमताने धनकोंनी योजना मान्य केली व न्यायालयाने तिला संमती दिली, की ती सर्वांवर बंधनकारक व्हावी, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा दोन वर्षांपुरता, संकटकालीन उपाय म्हणून करण्यात आला होता.

टेक्सासमधील कॅमेरॉन परगण्याच्या एका पाटबंधारे मंडळाने ह्या कायद्याचा आश्रय घेतला. दर डॉलरामागे साधारण पन्नास सेंट देण्याची त्याची योजना होती. काही धनकोंनी हरकत घेतली. २५ मे १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सबंध कायदाच घटनाबाह्य ठरविला. न्यायमूर्ती मॅक्रेनॉल्ड्स ह्यांनी बहुमताचा निर्णय लिहिला. नगरे व मंडळे ही राज्याची अंगे आहेत. त्यांच्या ऋणावर संघाची सत्ता चालू लागली तर राज्यांचे सार्वभौमत्व नाममात्र राहील. आणि राज्याने स्वतः संमती दिली तरी घटनेने न दिलेला अधिकार संघाला प्राप्त होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती कार्डोझो ह्यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली व मुख्य न्यायाधीश ह्यूज, ब्रँडाइस आणि स्टोन हे तिच्याशी सहमत झाले. अर्ज करणारी संस्था आपखुशीने येते, राज्याची अनुमती घेऊन येते, आणि न्यायालय तिच्या कारभारात ढवळाढवळ करीत नाही; मग सार्वभौमत्वाची हानी कोठे झाली, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

काँग्रेसने १९३७ च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा केला. जुन्या कायद्याहून त्यात तत्त्वतः फारसा भेद नव्हता; परंतु राज्याच्या अधिकारांस व नगराच्या शासकीय सत्तेस कोणत्याही प्रकारे बाध येणार नाही, ही गोष्ट त्यात अधिक काळजीपूर्वक शब्दबद्ध केली होती. कॅलिफोर्नियातील लिंडसे-स्ट्रॅथमोर पाटबंधारे मंडळाच्या प्रकरणात २५ एप्रिल १९३८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी तो वैध ठरविला. निर्णय ह्यूज ह्यांनी लिहिला. राज्याची संमती म्हणजे सार्वभौमत्वाचा त्याग नव्हे, तर सार्वभौमत्वाचाच वापर होय, हे त्याचे सार. दरम्यान न्यायालयातील व्यक्ती बदलल्या होत्या, हे खरे. परंतु कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ‘संमती’ ह्या एका शब्दावर सबंध इमारत उभी राहिली. राज्याच्या संमतीवाचून नगराला ह्या दारातून प्रवेश नाही, ही अट १९३८ पासून कायद्याचा पाया बनली.

४. ‘तडजोड’ ते ‘समायोजन’

दरम्यान न्यू जर्सी राज्याने स्वतंत्र वाट शोधली होती. तेथील १९३१ च्या कायद्यानुसार ॲस्बरी पार्क ह्या समुद्रकाठच्या विहारनगराच्या जुन्या रोख्यांऐवजी कमी व्याजाचे व दीर्घ मुदतीचे नवे रोखे देण्यात आले. मुद्दल कमी केले नव्हते. मोठ्या बहुमताने धनकोंनी हे मान्य केले. काहींनी करारभंगाचा आक्षेप घेतला. १९४२ मध्ये न्यायमूर्ती फ्रँकफर्टर ह्यांनी तो फेटाळला. जुन्या रोख्यांवर धनकोंना वस्तुतः दावा लावण्याच्या पोकळ हक्कापलीकडे काही मिळणार नव्हते. राज्याच्या योजनेने त्या रोख्यांना पुन्हा मूल्य आले. अशा स्थितीत दायित्व क्षीण झाले असे म्हणता येत नाही, असा त्यांचा विचार होता. वॉटरटाउनच्या अनुभवाला मिळालेली ही जणू उशिराची मान्यता होती. तथापि १९४६ मध्ये काँग्रेसने संघीय कायदा कायमचा करताना, असंमत धनकोंना बांधणारी योजना राज्यांनी आपल्या कायद्याने लादू नये, असे कलम घालून हा मार्ग बंद केला. एक संघीय दार उघडे ठेवून राज्याचे दार लावून घेण्याच्या ह्या कृतीचा परिणाम सत्तर वर्षांनी दिसावयाचा होता.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क नगर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा कायम झालेला हा कायदा मोठ्या नगराला निरुपयोगी असल्याचे आढळून आले. अर्ज करण्यापूर्वीच बहुसंख्य धनकोंची संमती मिळविणे त्यात आवश्यक होते. आणि ज्या नगराचे रोखे असंख्य अज्ञात हातांत विखुरलेले आहेत, त्याने धनको शोधावे तरी कोठे? न्यूयॉर्कने अर्ज केला नाही. राज्याने निर्मिलेले आर्थिक नियंत्रण मंडळ, कामगार संघांच्या निवृत्तिनिधींनी विकत घेतलेले रोखे आणि संघ शासनाचे हंगामी कर्ज ह्यांच्या बळावर ते तरले. परंतु १९७६ मध्ये काँग्रेसने पूर्वसंमतीची अट काढून टाकली व १९७८ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत ‘प्रकरण नऊ’ म्हणून ही तरतूद समाविष्ट केली.

ह्या प्रकरणाचे शीर्षक भाषेच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९३० च्या दशकात ‘तडजोड’ ह्या अर्थाचा शब्द प्रचारात होता; आता ‘नगरपालिकेच्या ऋणांचे समायोजन’ असा शब्दप्रयोग आला. परिसमापन किंवा विक्री ह्यांचा तेथे मागमूसही नाही. हा केवळ सौम्य शब्दांचा सोस नव्हे. आतील नियम शीर्षकाशी सुसंगत आहेत. धनको नगराला दिवाळखोरीत ओढू शकत नाहीत. अर्ज फक्त नगरानेच करावयाचा. योजना मांडण्याचा अधिकारही नगराचाच. न्यायालय नगराच्या संमतीवाचून त्याची शासकीय सत्ता, मालमत्ता वा उत्पन्न ह्यांत हस्तक्षेप करू शकत नाही. अर्ज दाखल होताच वसुलीच्या कारवाया थांबतात. आणि नगर नादार आहे की नाही, हे मालमत्ता व ऋण ह्यांच्या वजाबाकीने ठरत नाही. देणी जसजशी देय होतील तसतशी ती भागविता येतात की नाही, ह्यावरून ठरते. ज्या मालमत्तेची विक्री होऊ शकत नाही तिची किंमत मांडणे व्यर्थ, हे मेम्फिसच्या निर्णयातील सत्य येथे व्याख्येत उतरले. म्हणूनच कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट नगराने १९९१ मध्ये अर्ज केला, तेव्हा चालू वर्षाची देणी भागविण्याइतका पैसा त्याच्यापाशी आहे असे आढळून न्यायालयाने तो फेटाळला. कायदा ‘दिवाळे’ मागत नाही, ‘नादारी’ मागतो, आणि तीही रोखीची.

५. नगराच्या नावाने कोण बोलते?

१९९४ च्या दुरुस्तीने राज्याची संमती ‘स्पष्ट व विशिष्ट’ असली पाहिजे, असे ठरविले. परिणामी राज्याराज्यांत फार मोठी विषमता उत्पन्न झाली. काही राज्ये सरसकट अनुमती देतात, काही अटी घालतात, आणि जॉर्जियासारख्या राज्याने तर स्पष्ट मनाई केली आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्याने अर्ज केला. हा परगणा दरिद्री नव्हता, संपन्न होता. त्याच्या कोषाधिकाऱ्याने केलेल्या सट्टेवजा गुंतवणुकीत १६० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली होती. एकच औषध इतक्या भिन्न रोगांवर दिले जाऊ लागले.

१८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉइट नगराने केलेला अर्ज मात्र सर्वस्वी निराळ्या प्रकारचा होता. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेल्या ह्या नगरात २०१० च्या शिरगणतीत सुमारे सात लाख चौदा हजार माणसे उरली होती. ऋणाचा आकडा १,८०० कोटी डॉलर असा सांगण्यात आला. रस्त्यांवरील सुमारे चाळीस टक्के दिवे बंद होते. न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स ह्यांनी डिसेंबर २०१३ मध्ये अर्ज ग्राह्य धरताना, मूलभूत सेवा पुरविण्याचे सामर्थ्य गमावणे ह्या अर्थीही नादारीचा विचार केला. धनकोंपुरती असलेली ही संकल्पना येथे रहिवाशापर्यंत पोहोचली, हे तिच्या इतिहासातील लक्षणीय अर्थांतर होय.

परंतु हा अर्ज लोकांनी निवडलेल्या नगरमंडळाने वा महापौरांनी केला नव्हता. मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये संकटकालीन व्यवस्थापकाचा कायदा मतदानाने रद्द केला होता. विधिमंडळाने पुढच्याच महिन्यात त्या धर्तीचा दुसरा कायदा संमत केला. त्याच्या आधारे कारभार पाहणाऱ्या केव्हिन ऑर ह्या व्यवस्थापकांनी राज्यपालांच्या अनुमतीने अर्ज केला. ‘अर्ज फक्त नगरानेच करावयाचा’ ह्या नियमातील ‘नगर’ ह्या शब्दाचा अर्थ येथे राज्याने नेमलेली एक व्यक्ती असा झाला.

ह्या व्यक्तीने मिळविलेले फळ तुच्छ होते असे नव्हे. सुमारे ७०० कोटी डॉलरांचे ऋण कमी झाले. राज्य, काही धर्मादाय प्रतिष्ठाने व कलासंग्रहालय ह्यांनी मिळून वीस वर्षांत ८० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केल्यामुळे संग्रहालयातील चित्रे विक्रीपासून वाचली, आणि निवृत्तिवेतनावरील आघात बराच सौम्य झाला. तरीही सर्वसाधारण सेवकांच्या मूळ निवृत्तिवेतनात साडेचार टक्के कपात झाली व महागाईनुसार होणारी वाढ गेली. निवृत्तिवेतनाला मिशिगनच्या राज्यघटनेचे संरक्षण होते. परंतु संघीय दिवाळखोरीच्या कायद्यापुढे ते टिकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. डिसेंबर २०१४ मध्ये नगर ह्या प्रक्रियेतून बाहेर पडले. अल्पसंख्य धनकोला बांधण्यासाठी निर्माण झालेली शक्ती निवृत्त झाडूवाल्यालाही बांधते, हे मात्र विसरता येत नाही. कायद्याच्या भाषेत तोही एक धनकोच होय.

प्वेर्तो रिको बेटाची कथा शब्दार्थाच्या दृष्टीने अधिकच उद्बोधक आहे. १९८४ च्या एका दुरुस्तीने संहितेतील ‘राज्य’ ह्या शब्दाच्या व्याख्येत ह्या बेटाचा समावेश केला. मात्र प्रकरण नऊखाली ऋणको कोण होऊ शकतो हे ठरविण्यापुरते त्याला वगळले. संघीय दार बंद झाल्याने बेटाच्या विधिमंडळाने २०१४ मध्ये स्वतःचा कायदा केला. जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. संस्थांना अर्जाची अनुमती देण्यापुरते हे बेट ‘राज्य’ नाही. परंतु १९४६ मध्ये आलेल्या मनाईच्या कलमापुरते ते ‘राज्य’च आहे, असा त्याचा अर्थ झाला. एकाच शब्दाने एका दारी प्रवेश नाकारला आणि दुसरे दार लावून घेतले. त्याच महिन्याच्या अखेरीस काँग्रेसने विशेष कायदा करून मार्ग काढला. पण त्यासोबत सात सदस्यांचे एक देखरेख मंडळ नेमले, आणि त्याच्या सदस्यांत बेटावरील मतदारांनी निवडलेला एकही नव्हता.

६. समारोप

ह्या सर्व विवेचनाकडे एकत्र पाहता, १८७९ चे मेम्फिस व २०१३ चे डेट्रॉइट ह्यांच्यामध्ये कायद्याने बरीच मजल मारली, हे मान्य करावे लागते. पळून जाणारे अधिकारी, रद्द होणाऱ्या सनदा आणि निष्फळ महादेश ह्यांच्या जागी एक सुसंगत प्रक्रिया आली. धनकोंची आपसांतील शर्यत थांबली. परंतु एका बाबतीत अंतर फारसे पडलेले नाही. मेम्फिसने सनद गमावून ऋणाशी सामना केला. डेट्रॉइटने सनद राखली, पण काही काळ वाणी गमावली. संमतीची किल्ली राज्याच्या हाती असल्यामुळे साहाय्य मागण्याचा क्षण हाच स्वराज्य स्थगित होण्याचा क्षण ठरतो.

हा प्रश्न आपल्याकडे केवळ पुस्तकी नाही. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विकून ते मुंबई शेअर बाजारात नोंदविले. भारताची २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता कंपन्या, भागीदारी संस्था व व्यक्ती ह्यांच्यासाठी रचलेली आहे. नगरपालिकांच्या ऋणासाठी तिच्यात प्रकरण नाही. उलट, विसर्जित नगरपालिकेची निवडणूक सहा महिन्यांच्या आत झाली पाहिजे, असे आपल्या राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने घालून दिले आहे. अमेरिकेच्या संघीय घटनेत असे वचन नाही. त्यांच्यापाशी ऋणाचा नियम आहे आणि प्रतिनिधित्वाची हमी नाही. आपल्यापाशी हमी आहे आणि ऋणाचा नियम नाही. आणि ती हमीही स्वयंसिद्ध मानता येत नाही. २०२२ पासून काही वर्षे पुण्यासह महाराष्ट्रातील अनेक महानगरपालिकांचा कारभार, ऋणाशी संबंध नसलेल्या कारणाने का होईना, प्रशासकांकडे होता.

इंग्रजीतील ‘लोकल सेल्फ-गव्हर्नमेंट’ ह्या संज्ञेसाठी मराठीने ‘स्थानिक स्वराज्य’ हा शब्द पत्करला. त्यातील ‘स्व’ कोण, हे निवडणुकीच्या दिवशी स्पष्ट असते. देणे थकल्याच्या दिवशी ते तितके स्पष्ट राहत नाही. नगरांच्या ऋणाचा कायदा आपल्याकडे कधी ना कधी करावा लागेल. तो करताना धनकोंचे बहुमत किती असावे, एवढेच ठरवून भागणार नाही. नगराच्या नावाने अर्जावर सही कोणी करावयाची, हे कलम प्रथम लिहावे लागेल.